गेट उघडण्याआधीचं काम

सकाळी ६:४५
समुद्रपूरच्या या गॅरेजला पाटी नाही. टिनाचं शेड, समोर कडुनिंब, बाजूला गवतात रुतलेला एका जुन्या मार्शलचा सांगाडा. जामकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुणालाही विचारलं तरी लोक हात दाखवतात. मिस्त्री पन्नाशीचे आहेत. शेडचं भाडं महिन्याला साडेतीन हजार, वीज वेगळी. शटर वर गेलं की आधी झाडू. जमीन मातीचीच, पण वर्षानुवर्षं तेल जिरून ती काळी आणि कडक झाली आहे. मग फळीवरच्या देवीच्या तसबिरीला उदबत्ती. आज शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५. घट सोमवारी बसले. मिस्त्रींचे नऊही दिवस उपवास असतात. घरी ते अनवाणी राहतात, इथे मात्र चप्पल घालावीच लागते. लोखंडाचा कीस पायात गेला तर दिवस वाया जातो.

पाने फळकुटावर ओळीनं मांडले जातात. बारा, चौदा आणि सतरा हे तीन पाने हाताशी, बाकीचे मागे. आज याच तिघांचं काम जास्त आहे.

सकाळी ७:२०
जिप्सी आली. हिरवा रंग, छप्पर नाही, मागे उंच बसवलेली बाकं. गिरडकडच्या एका गावची गाडी. गिरड म्हटलं की लोकांना बाबा फरीदांची टेकडी आठवते. पण तिथून पुढे उमरेडच्या बाजूला जंगल लागतं, आणि ही गाडी कऱ्हांडला गेटवर पर्यटकांना फिरवते. पावसाळ्याचे तीन महिने जंगल बंद असतं. १ ऑक्टोबरला गेट उघडायचं आहे. मधे चारच दिवस आहेत.

मालक स्वतःच चालक आहे. पस्तिशीचा असेल. खाली उतरला आणि आधी बोनेटवर हात ठेवला.

“हेंडल लय थरथरते जी मिस्त्रीभाऊ.”

“कितीवर?”

“पन्नासच्या वर गेलं का. एखाद्या गड्ड्यातून चाक गेलं तं मंग सुटतच नाई. पार थांबवाच लागते.”

“जंगलात?”

“जंगलात काय, तिथं वीसच्या वर गाडी जातच नाई. घरून गेटवर जातानी होते. सकाळी अंधारात.”

मिस्त्रींनी किल्ली मागितली. मालकाला शेजारी बसवलं, मी मागच्या बाकावर. जामच्या रस्त्यावर पंचेचाळीसपर्यंत काही नाही. पंचावन्नला एका ठिगळावरून डावं चाक गेलं आणि पुढचा सगळा भाग उजवी-डावीकडे फेकला जायला लागला. स्टेअरिंगचं चाक मिस्त्रींच्या दोन्ही हातांत फडफडत होतं. त्यांनी ब्रेक दाबला नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, चाक घट्ट धरलं, गाडी वीसवर आली तेव्हा थरथर थांबली. मालक खाली बघत होता. मागच्या बाकांवर मोसमात सहा माणसं बसतात, त्यांत लेकरंही असतात.

सकाळी ८:००
जिप्सीबद्दल दोन गोष्टी आधी सांगतो, म्हणजे पुढचं काम नीट दिसेल. मारुतीनं ही गाडी १९८५ साली आणली. सैन्यानं घेतली, पोलिसांनी घेतली, वनखात्यानं घेतली. २०१८-१९ मध्ये साध्या गिऱ्हाइकासाठी ती बंद झाली. हलकी, चारही चाकांना जोर देता येणारी, आणि पुढे सरळ लोखंडी अ‍ॅक्सल असलेली गाडी. हा अ‍ॅक्सल दोन पाट्यांवर बसतो. त्याच्या दोन्ही टोकांना नकल असतात. प्रत्येक नकल वर-खाली दोन किंग पिनांवर फिरते, आणि पिना फिरतात बेअरिंगवर. दोन्ही नकलांना जोडणारी लांब दांडी म्हणजे टाय रॉड. स्टेअरिंग बॉक्सच्या पिटमन आर्मपासून चाकाकडे जाते ती ड्रॅग लिंक. दोन्ही दांड्यांच्या टोकांना गोळीचे सांधे असतात, त्यांना सगळे नुसतं ‘एंड’ म्हणतात. एकूण चार. चालकानं चाक वळवलं की त्याच्या मनगटाचा जोर या सगळ्या सांध्यांतून रबरी टायरपर्यंत पोचतो. प्रत्येक सांधा थोडा झिजला की तेवढी ढिलाई वाढते. एका सांध्यातली ढिलाई डोळ्यांना दिसतही नाही. पाच-सहा ठिकाणची एकत्र झाली की असं फडफडायला लागतं.

हे सगळं मिस्त्री बोलत नाहीत. ते पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकले आहेत.

सकाळी ८:१५
हेल्पर आला. एकोणीस वर्षांचा, आयटीआयला मोटर मेकॅनिक केलेलं. रोज साडेचारशे रुपये. मिस्त्रींना तो ‘उस्ताद’ म्हणतो. त्याला स्टेअरिंगवर बसवलं. इंजिन बंद, चाकं जमिनीवर.

“डावीकडं. उजवीकडं. जास्त नको, एवढंच हलव. करत राह्य.”

पोरगा चाक बोटभर इकडं, बोटभर तिकडं करत राहिला. खाली मिस्त्रींनी डावा पंजा एका एंडभोवती धरला. दांडीवर अंगठा, आर्मवर बोटं. दोन्ही एकदमच हलले तर सांधा चांगला. अंगठ्याखाली आधी हललं आणि बोटांखाली मागून, तर गेला. त्यांनी डोळे मिटले होते. टाय रॉडचं डावं टोक धरताच खाली ‘टक, टक’ ऐकू आलं. मलाही हात लावायला सांगितलं. लावला. लोखंडातून एक बारीक ठोका बोटात येतो, चाक वळायच्या आधी. एवढाच तो फरक. नखाच्या जाडीचा.

ड्रॅग लिंकचं पिटमनकडचं टोकही तसंच. उरलेली दोन जरा बरी.

मग जॅक. पुढचा अ‍ॅक्सल उचलला, खाली दोन घोड्या लावल्या. जॅकवर उभ्या गाडीखाली मिस्त्री जात नाहीत, पोरालाही जाऊ देत नाहीत. एक हात टायरच्या माथ्यावर, एक तळाशी, आणि चाक आत-बाहेर ढकललं. डावं चाक लटपटलं.

“आता ब्रेक दाब.”

पोरानं दाबला. चाक तरीही लटपटलं.

“पाहा,” मिस्त्री मालकाला म्हणाले. “ब्रेक दाबल्यावर हलणं बंद झालं असतं तं चाकाचं बेअरिंग गेलं म्हणायचं. तरी हलून राह्यलं. म्हणजे किंग पिन.”

चाळीस मिनिटांत आजाराचं निदान झालं. यंत्र एकही लागलं नाही.

सकाळी ९:००
मालकानं डिकीतून पिशवी काढली. आत स्टेअरिंगचा नवा डँपर. मागच्या महिन्यात कुणीतरी सांगितलं, डँपर बदल, थरथर जाईल. त्यानं घेऊन ठेवला. मिस्त्रींनी तो हातात धरला, दाबून पाहिला, परत पिशवीत ठेवला.

“हा लावला तं थरथर दाबून ठेवते. सांधे तसेच राहते. एक दिवस सांधाच निसटला तं?”

मालक गप्प झाला. मग हिशोब सुरू झाला. मिस्त्रींनी सिगारेटच्या पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. चारही एंड. दोन्ही बाजूंचे किंग पिन बेअरिंग आणि सील. ग्रीस. मजुरी अठ्ठावीसशे. मालकाचं म्हणणं, डावीकडचंच करा, दोनच एंड टाका. तीन महिने गाडी उभी आहे, शेतात सोयाबीनवर खर्च झाला. मिस्त्रींनी आवाज चढवला नाही, पण हटलेही नाहीत. एका बाजूचं बेअरिंग घट्ट आणि दुसरीकडचं ढिलं ठेवलं तर गाडी एका अंगाला ओढते, आणि दोन महिन्यांत परत सगळं खोलावं लागतं. मजुरी पुन्हा. शेवटी पाट्यांचे शॅकल बुश दिवाळीनंतर करायचे ठरले, बाकी सगळं आज. मला ही तडजोड योग्य वाटली. बुश झिजले तर गाडी कुरकुरते. सांधा निसटला तर चाक कुणाचंच ऐकत नाही.

नागपूरच्या दुकानाला फोन झाला. चार एंड, साडेचारशेचा एक. दोन बाजूंचे किट, साडेअकराशेचं एक. एकूण ४,१०० रुपये. मिस्त्रींनी आपल्या मोबाइलवरून पाठवले. दुकानदार म्हणाला, सोमवारपासून सुट्या भागांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा झाला आहे, नव्या दरानंच बिल लावतो. पार्सल चंद्रपूरच्या ट्रॅव्हल्सवर, जाम चौकात उतरेल. भाडं साठ.

सकाळी ९:४०
दोन्ही चाकं निघाली. पाच-पाच नट. कॅलिपर सोडवून पोरानं तो तारेनं पाटीला बांधला. ब्रेकच्या रबरी नळीवर लटकू द्यायचा नाही. हे आयटीआयमध्ये शिकवलं का विचारलं, तर म्हणाला, “नाई, उस्तादनं एकदा झापलं तेव्हा शिकलो.”

हबच्या नटाला साधा पाना बसत नाही. मिस्त्रींनी पाइपच्या तुकड्याला दात पाडून, मागे आडवी सळई वेल्डिंग करून आपला पाना करून ठेवला आहे. बाजारात त्याचे हजारावर पैसे पडतात. याला पाइपचे चाळीस आणि अर्धा तास लागला. नट सुटला, हब ओढला, आतली बेअरिंगं कागदावर काढून ठेवली. मग स्पिंडल. मग अ‍ॅक्सलची दांडी, टोकाच्या जॉइंटसकट, अलगद बाहेर. डांबरासारखं ग्रीस कोपरापर्यंत लागलं.

नकलच्या मागे सीलची गोल पट्टी असते, दोन अर्ध्यांची, आठ बोल्टची. त्यात रबर आणि नमद्याची पट्टी. डावीकडचा नमदा फाटून लोंबत होता. जून-जुलैच्या पावसात गाडी नाल्यातून गेली असणार. काळ्या मातीचं पाणी तिथून आत शिरलं, आणि आतलं ग्रीस पांढुरकं, पातळ झालं होतं.

सकाळी १०:५०
एक ट्रॅक्टर दारात थांबला. क्लचची केबल तुटली. सोयाबीन काढणीला आलंय, थ्रेशर शेतात उभा, माणसं बसून. जिप्सी तशीच सोडून मिस्त्री उठले. पंधरा मिनिटांत केबल बसली. दीडशे रुपये. शेतकरी म्हणाला, यंदा हमीभाव ५,३२८ आहे म्हणतात, बाजारात कोण देते तेवढा? पन्नास आत्ता दिले, शंभर बाजारातून आल्यावर. मिस्त्रींनी भिंतीवर खडूनं लिहिलं. त्या भिंतीवर खडूचे आकडे कमरेपासून डोक्यापर्यंत गेले आहेत.

सकाळी ११:१५
किंग पिन. नकलला वर एक, खाली एक, चार-चार बोल्ट. पिन निघायच्या आधी मिस्त्रींनी नकलवर छिन्नीची खूण केली. वरच्या पिनेखालचे शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, वेगळ्या तारेत ओवल्या. खालचे वेगळ्या. घोळ झाला तर पुन्हा सगळं बसवताना तास जातो.

डाव्या खालच्या पिनेचं बेअरिंग हातात आलं तेव्हा मालकाला बोलावलं. बेअरिंगचा कप म्हणजे गुळगुळीत कडं असायला हवं. याच्यात रोलरच्या मापाचे खळगे पडले होते, बोटाला एकामागून एक लागत होते. चाक बहुतेक वेळ सरळच असतं. रोलर त्याच जागी ठोके खात राहतात, आणि तिथेच खाचा पडतात. चालकाला वाटतं स्टेअरिंग मधोमध आपोआप अडकतं, बरं वाटतं. ते बरं नसतं.

मालकानं ते बेअरिंग बराच वेळ फिरवून पाहिलं. “हे रोज सकाळी माह्या हाताखाली होतं का?”

“हाव. तुह्याच नाई, मागं बसलेल्यांच्याबी.”

दुपारी १२:२०
आता एंड काढायचे. आधी स्प्लिट पिन. गंजलेली, पकडीत तुकडा-तुकडा होऊन निघाली. मग खाचेचा नट. एंडची काडी निमुळती असते, आर्मच्या भोकात दाबून बसलेली. नट सुटला तरी ती सुटत नाही. नवखा माणूस काडीवर खालून हातोडी मारतो आणि आटे चेपतो. मिस्त्रींनी दोन हातोड्या घेतल्या. जड घण आर्मच्या एका बाजूला टेकवून धरला, दुसऱ्या बाजूनं हातोडीचा एक कोरडा ठोका. दुसरा. तिसऱ्याला भोक क्षणभर आकसलं-फाकलं आणि काडी आपोआप खाली पडली. घाव भोकाच्या कडेवर, काडीला हातही नाही.

एंड दांडीतून उघडताना पोरगा मोठ्यानं फेरे मोजतो. डावीकडचा उलट्या आट्यांचा, उजवीकडचा सुलट. दांडी मधे धरून फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत किंवा एकदम बाहेर सरकतात, संध्याकाळी चाकांचं माप याच सोयीनं साधतं. सोळा फेरे. दुसरा साडेपंधरा. खडूनं जमिनीवर.

दुपारी १:१५
जेवण. पोराचा डबा: पोळ्या, आलू-वांगं, तेलातली लाल चटणी. मिस्त्रींची भगर आणि दाण्याची आमटी. ग्रीस निघायला आधी रॉकेल, मग कपडे धुवायची पावडर, मग साबण, तरी नखांच्या कडा काळ्याच. मालकानं चहा मागवला, दहा रुपये कप.

तो जंगलाबद्दल बोलला. गाडी त्यानं जयच्या दिवसांत घेतली. जय नावाचा वाघ तेव्हा उमरेड-कऱ्हांडल्याला होता, त्याला बघायला दिल्ली-मुंबईची माणसं यायची, गाड्या कमी पडायच्या. २०१६ च्या एप्रिलपासून जय दिसेनासा झाला, परत सापडला नाही. गर्दी ओसरली, हप्ते राहिले. आता पुन्हा बरं चाललंय. यंदा २ ऑक्टोबरला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, पुढे शनिवार-रविवार. पहिल्या आठवड्याचं बुकिंग भरलंय. पेट्रोल शंभराच्या वर, सकाळची आणि दुपारची फेरी मिळाली तरच दिवस साधतो. मी विचारलं, गाडी नीट झाली नसती तर? “दुसऱ्याची गाडी नंबराला लागते. माह्यी नाई.”

दुपारी २:०५
पोरगा दुचाकीवरून जामहून पार्सल घेऊन आला. जामला सतत वर्दळ असते. नागपूर-हैदराबाद रस्ता तिथून जातो, पूर्वी त्याचा नंबर सात होता, आता चव्वेचाळीस. चंद्रपूरचा फाटाही तिथेच, म्हणून ट्रॅव्हल्स थांबतात.

खोके उघडले. बेअरिंगं ठीक, कागदात तेलात गुंडाळलेली. सीलचं रबर मऊ. मग एंड. मिस्त्री प्रत्येकाची काडी धरून हलवतात. नवा एंड हाताला जड लागला पाहिजे, अंगठ्याचा जोर लावल्याशिवाय हलू नये. पहिला जड. दुसरा, तिसरा जड. चौथा हातात घेताच लुटुलुटु फिरला. खोकं तसंच, छपाई जरा फिकी.

“हा नाई लावत.”

मालकानं घड्याळ पाहिलं. “लावून टाका ना जी. नवाच तं आहे. मोसम झाला का बदलू.”

“नवा असून ढिला आहे. मघाशी काढलेला यापेक्षा बरा होता.”

दुकानाला फोन, फोटो. परत पाठवा, साडेचारशे जमा धरतो, असं तिकडून सांगितलं. पण आज काय? मिस्त्रींनी आपली दुचाकी मालकाला दिली आणि हिंगणघाटला पाठवलं. दुकानाचं नाव सांगितलं, आणि वर बजावलं, “दुकानातच काडी हलवून पाहजो. हलली तं घेऊ नको.”

दुपारी २:३०
दिवसातलं सगळ्यात निगुतीचं काम हे. जुने कप ठोकून काढले, खाचा डिझेलनं धुतल्या, कापडानं कोरड्या केल्या. नवा कप आत ठोकायचा, पण हातोडी थेट लागली तर कडा उडते. म्हणून वर जुना कप ठेवला आणि त्यावर ठोका. आवाज बदलतो. आधी ‘ठण’, कप तळाला बसला की ‘ठक्’. पोरगा चुकून एकदा जास्त मारतो, मिस्त्री नुसतं बघतात.

बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं ते तळहातावर गोळा घेऊन. कडा त्यात खुपसत राहायचं, दुसरीकडून रोलरच्या फटीतून ग्रीस वर येईपर्यंत. वरून फासलेलं ग्रीस काही कामाचं नाही. एक किलोचा डबा ३८० रुपयांचा, जवळजवळ सगळा लागतो.

पिना बसल्या, बोल्ट आवळले. आता शिम. जास्त शिम असले तर नकल ढिली, कमी असले तर इतकी घट्ट की स्टेअरिंग जड होतं आणि बेअरिंग जळतं. मिस्त्रींनी खिळ्यावरचा हुकाचा काटा काढला. भाजीवाल्याकडे असतो तसा, पाच किलोचा. टाय रॉडच्या भोकात हुक अडकवला आणि आडवा ओढला. नकल कितीवर हलायला लागते ते पाहायचं. सील न लावता एक ते एक किलो आठशे ग्रॅम, असं कंपनीचं माप आहे. पहिल्या वेळी काटा सहाशे ग्रॅमवरच सरकला. वरची पिन काढली, एक शिम कमी केला, परत बोल्ट. पुन्हा ओढलं. सव्वा किलो.

“झालं,” मिस्त्री म्हणाले आणि तोच काटा पोराच्या हातात दिला. “उजवीकडचं तू कर. मी हात लावत नाई.”

उजवीकडच्याला पोराला पाऊण तास लागला. तीनदा पिन काढली. तिसऱ्यांदा दीड किलो. मिस्त्रींनी एकदा स्वतः ओढून पाहिलं, काही बोलले नाहीत, सीलचे बोल्ट त्याच्याकडे सरकवले. चार महिन्यांपूर्वी हा पोरगा फक्त पंक्चर काढायचा.

दुपारी ४:१०
मालक आला. हातात एक खोकं, ५२० रुपये. त्यानं ते उघडून आधी स्वतःच काडी हलवून दाखवली. हलली नाही. त्याच्या चेहऱ्यावर दिवसात पहिल्यांदा समाधान दिसलं.

मधल्या वेळात एक बोलेरो येऊन गेली होती, फॅन बेल्टसाठी. मजुरी शंभर, रोख.

एंड मोजलेल्या फेऱ्यांनी बसले. नट आवळले. नटाची खाच भोकासमोर आली नाही तर नट मागे फिरवायचा नाही, पुढेच आवळून खाच जुळवायची. स्प्लिट पिना नव्या. पाच-पाच रुपयांच्या. एकेक पिन आत घालून दोन्ही पाय पकडीनं उलटे वळवले. मिस्त्री जुनी स्प्लिट पिन परत वापरत नाहीत. पोरगा एक जुनी सरळ करत होता, त्यांनी ती घेतली आणि रस्त्यापलीकडे फेकली.

हब, कॅलिपर, चाकं. गाडी जमिनीवर.

संध्याकाळी ५:१०
हिंगणघाटला अलाइनमेंटचं यंत्र आहे. पण तिथपर्यंत गाडी सरळ गेली पाहिजे. चाकं वर असतानाच फिरवून टायरच्या मधोमध खडूची रेघ मारून घेतली होती. आता गाडी दोन हात पुढे ढकलली, स्टेअरिंग सरळ. टेप लागला: पुढे, हबच्या उंचीला, रेघेपासून रेघेपर्यंत. मग मागे, त्याच उंचीला. पुढचं अंतर मागच्यापेक्षा दोन ते सहा मिलिमीटर कमी हवं. निघालं तेरा मिलिमीटर. टाय रॉड पाइप-पान्यानं थोडी फिरवली. नऊ. अजून थोडी. चार. लॉकनट आवळले.

पुन्हा ढकललं, पुन्हा मोजलं. पुन्हा चारच.

संध्याकाळी ५:५०
जामचा तोच रस्ता. या वेळी चालवायला मालक बसला, मिस्त्री शेजारी. चाळीस. पन्नास. सकाळचं ठिगळ समोर आलं. मिस्त्री म्हणाले, “सोडू नको, तसाच जाऊ दे.” डावं चाक धपकन गेलं. स्टेअरिंग एकदा हललं आणि जागेवर आलं. साठ. हायवेला लागून पासष्ट. मालकानं एका हातानं चाक धरलं, मग मिस्त्रींकडे बघून दुसराही हात ठेवला. ओढ कुठल्याच बाजूला नाही. वळणानंतर चाक आपणहून सरळ येत होतं.

परत आल्यावर मिस्त्री पुन्हा एकदा पोत्यावर पाठ टेकून खाली गेले. चारही पिना बघितल्या, सीलखाली बोट फिरवलं. कोरडं.

“पाचशे किलोमीटर झाले का आणजो. बोल्ट एकदा आवळून देतो. पैसे नाई त्याचे.”

संध्याकाळी ६:३०
हिशोब. चार एंड १,८७०. किट दोन, २,३००. ग्रीस ३८०. धुण्याचं डिझेल ९०. स्प्लिट पिना आणि बारीकसारीक ४०. पार्सल ६०. मजुरी २,८००. एकूण ७,५४०. हिंगणघाटचे ५२० मालकानंच दिलेले. उरले ७,०२०. त्यानं मोबाइलवरून साडेचार हजार टाकले. बाकी २,५२० पहिल्या आठवड्याच्या फेऱ्या झाल्या की. डँपरची पिशवी त्यानं परत डिकीत ठेवली. तोही लावायचा आहे, जुना गळतोय, पण सावकाश.

मिस्त्रींनी भिंतीवर आकडा लिहिला. पोराला साडेचारशे दिले. तो गेल्यावर पाकिटावरच्या हिशोबात माझ्यासमोर बेरीज केली. सामान, ग्रीस, डिझेल, पार्सल धरून या गाडीवर त्यांच्या खिशातून गेले ४,६७०. आले ४,५००. नागपूरच्या दुकानात साडेचारशे जमा आहेत, पण ते पुढच्या सामानातच वळते होणार. ट्रॅक्टरचे पन्नास आणि बोलेरोचे शंभर धरून, पोराचा रोज वजा जाता, आजचा दिवस ४७० रुपयांनी उणा.

१ ऑक्टोबरला खंडेनवमी आहे, त्या दिवशी पाने धुऊन पुजले जातात आणि गॅरेज बंद असतं. कऱ्हांडल्याचं गेटही त्याच दिवशी उघडायचं आहे. मिस्त्रींची आजची मजुरी त्यानंतर येईल.